पायास बांधलेली चिठ्ठी

पक्षी पाहावयाचे म्हणजे पावसानें काळवंडलेल्या, वेलींनीं गुरफटलेल्या, भरदुपारींही अंधारलेल्या डोंगरी अरण्यांतच गेलें पाहिजे, अशी एक समजूत सुशिक्षित वर्गांत दृढ झालेली आहे. या समजुतीचा उगम चित्रपटांत आहे, प्रवासवर्णनांत आहे, कीं मासिकांच्या रंगीत मुखपृष्ठांत आहे, हें सांगणें कठीण. परंतु तिचा परिणाम आम्हां बुलढाणेकरांस नेहमीं भोगावा लागतो. आम्हांस पक्षी पाहण्याचा नाद आहे असें कळलें कीं ऐकणाराच्या चेहऱ्यावर प्रथम कौतुक उमटतें. आमचें वास्तव्य बुलढाण्यास असतें असें कळलें कीं कौतुकाची जागा सहानुभूति घेते. “तिकडे काय असणार हो पाहण्यासारखें? कापूस, तुरी आणि ऊन्ह!” असें म्हणून तो गृहस्थ आम्हांस आंबोलीचा नाहीं तर केरळचा रस्ता दाखवितो. रस्ता दाखविणाराचा हेतु चांगला असतो, म्हणून आम्ही हंसून मान डोलावतों. परंतु मनांत एक गोष्ट येते व ती आज सविस्तर सांगावी असें वाटतें.

आमचा जिल्हा वऱ्हाडाच्या पश्चिम टोंकास आहे. जुने लोक वऱ्हाडाचे दोन भाग करीत: पूर्णेच्या खोऱ्याचा पायनघाट आणि अजिंठ्याच्या रांगेवरचा बालाघाट. बुलढाणा गांव त्या वरच्या भागांत वसलेलें. शेगांव, नांदुरा, मलकापूर हीं खालच्या काळ्या जमिनींत. पूर्णा ओलांडून उत्तरेस गेलें कीं जळगांव जामोद व संग्रामपूर हे तालुके लागतात, आणि त्यांच्या पाठीशीं सातपुडा भिंतीसारखा उभा असतो. संग्रामपूर तालुक्यांतील अंबाबरवा हें अभयारण्य त्या सातपुड्याच्या कुशींतलें. त्याचें क्षेत्र सुमारें १२७ चौरस किलोमीटर; १९९७ सालीं तें अभयारण्य म्हणून जाहीर झालें, आणि आज तें मेळघाट व्याघ्र प्रकल्पांत मोडतें. येथें पर्जन्यारण्य नाहीं. येथें साग आहे, सालई आहे, धावडा, तेंदू, मोहा, पळस आहे. पावसाळ्यांत हें रान हिरवेंगार असतें. परंतु होळीच्या सुमारास जाऊन पाहावें तर सागाचीं पानें पायाखालीं पापडासारखीं मोडतात आणि डोंगराची हाडें उघडीं पडलेलीं दिसतात. आमच्या जिल्ह्यांत वर्षाकाठीं सातआठशें मिलिमीटर पाऊस पडतो. आंबोलीस तो सात हजारांच्या आसपास पडतो. तेव्हां सहानुभूति दाखविणाऱ्या गृहस्थाचें अगदींच चुकतें असें नाहीं.

पर्जन्यारण्याची थोरवी आम्ही नाकारीत नाहीं. आंबोलीच्या जंगलांत आम्ही दोनदां चारचार दिवस काढले आहेत. तेथें गेल्यावर पहिली गोष्ट ध्यानांत येते ती ही, कीं त्या अरण्यांत पक्षी पाहावयाचे नसतात, ऐकावयाचे असतात. पहाटे ओढ्याच्या कांठीं शीळकरी कस्तूर शीळ घालूं लागतो. एखादा रिकामटेकडा पोरगा घरीं जातांना सूर विसरत विसरत शीळ घालीत चालला आहे, असें वाटतें. कर्णा नांवाचा पक्षी तर मोठा चमत्कारिक. नराचें पोट गुलालासारखें लाल. पण झाडाच्या मधल्या फांदीवर तो असा निश्चल बसतो कीं हाकेच्या अंतरावर असूनही तास तास दिसत नाहीं. वर पानांचे मजल्यावर मजले, खालीं जळवा, भोंवतीं धुकें. दुर्बिणीच्या कांचा पुसतां पुसतां सकाळ संपते. वहींत पाहावें तर ऐकलेलीं नांवें पंधरा आणि पाहिलेलीं चार! तरीही माणूस तृप्त होऊन परततो, कारण ज्याचा अंत लागत नाहीं अशा कांहींतरी वस्तूच्या उंबरठ्यावर आपण उभे होतों, असें त्याला वाटत असतें.

सातपुड्यांतील आमचें रान याच्या अगदीं उलट. तें कांहींएक लपवीत नाहीं. पौषांतील थंड सकाळीं सागाच्या उघड्या फांद्यांतून ऊन्ह थेट जमिनीपर्यंत उतरतें. कोतवाल शेंड्यावर, सुतार खोडावर, सातभाईंचा गलबला पाचोळ्यांत, टकाचोर मोह्यावर, अशी सगळ्यांची जागा ठरलेली. मराठींतील बरींचशीं पांखरांचीं नांवें अशाच मोकळ्या रानांत व शेताच्या बांधावर जन्मलीं असावींत, असा आम्हांस दाट संशय आहे. कारण नांव ठेवण्यासाठीं आधीं तो प्राणी नीट दिसावा लागतो. परंतु जें सहज दिसतें त्याची किंमत कमी, हा मनुष्यस्वभाव आहे. आणि त्यामुळेंच या उघड्यावाघड्या रानांत जगांतील एक अत्यंत दुर्मिळ पक्षी असूं शकेल, ही गोष्ट ऐकणाराच्या गळीं उतरवणें कठीण जातें.

तो पक्षी म्हणजे रानपिंगळा. साधा पिंगळा कोणाला ठाऊक नाहीं? गांवाबाहेरच्या जुन्या आंब्यावर, पडक्या वाड्याच्या भिंतींत, देवळाच्या शिखरांत त्याची वस्ती. मूठभर देह, बटबटीत पिवळे डोळे, डोक्यावर पांढरे ठिपके, आणि संध्याकाळ झाली कीं घरांतील भांडणासारखा कलकलाट. त्याची भाषा समजते असें सांगून भविष्य कथन करणारे पिंगळा जोशी पहाटे दारावर येत; संतांनींही त्यांचें रूपक आपल्या रचनांत वापरलें. म्हणजे या पांखराला आपल्या अंगणांत आणि वाङ्मयांत दोन्हीकडे जागा आहे. रानपिंगळा त्याचाच रानांतला भाऊबंद. त्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतातच. छाती गडद तपकिरी, पोट स्वच्छ पांढरें, पाय पिसांनीं झांकलेले आणि नखें अंगाच्या मानानें दांडगीं. तो उजेडाला भीत नाहीं. सकाळीं उघड्या फांदीवर ऊन्ह खात बसतो, शेंपटी झटकतो, आणि खालीं सरडा किंवा उंदीर दिसला कीं झडप घालतो.

या पक्ष्याचें पहिलें शास्त्रीय वर्णन १८७३ सालीं अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनीं केलें. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेशीं ज्यांचें नांव आपण शाळेंत जोडावयास शिकलों तेच हे ह्यूम. सरकारी नोकरी संभाळून त्यांनीं हिंदुस्थानच्या पक्ष्यांचा प्रचंड संग्रह केला होता, आणि पक्षिशास्त्राचें एक नियतकालिकही ते चालवीत. ब्लुइट नांवाच्या अधिकाऱ्यानें १८७२ सालीं आजच्या छत्तीसगडांतील बसना या भागांत हा पक्षी मिळविला, म्हणून ह्यूम यांनीं त्याला ब्लुइटचें नांव दिलें. पुढें जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्यास खानदेशांत, शहादे-तळोदें या बाजूस, आणखी कांहीं मिळाले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी दिसेनासा झाला. जगांतील सर्व संग्रहालयांत मिळून त्याचे अवघे सात नमुने होते.

संग्रहालयांतील पक्ष्याचा नमुना म्हणजे काय, हें वाचकांनीं कदाचित् पाहिलें नसेल. पिसांसह सोललेली कातडी कापसानें भरतात. डोळ्यांच्या जागीं कापूसच असतो. पक्षी उताणा, पाय जुळवलेले, आणि त्या पायांस दोऱ्यानें बांधलेली एक लहानशी चिठ्ठी. तींत पक्षी कोणी मारला, कोठें, कोणत्या दिवशीं, एवढें लिहिलेलें. दिसावयास क्षुल्लक वस्तु. परंतु त्या मेलेल्या पांखराचें सारें मोल त्या चिठ्ठींत असतें. ती तुटून पडली तर उरतो केवळ कापूस भरलेला पिसांचा पुंजका. आणि ती खोटी असली तर? तर तो पुंजका पिढ्यान् पिढ्या माणसांस भलत्या वाटेस लावूं शकतो. रानपिंगळ्याची कथा ही अशाच एका चिठ्ठीची कथा आहे.

सात नमुन्यांपैकीं एकाच्या चिठ्ठीवर ऑक्टोबर १९१४ ही तारीख होती, आणि स्थळ होतें गुजरातेंतील तापीकांठचें मांडवी. हा नमुना कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांच्या संग्रहांतील. हे गृहस्थ लष्करांत नांवाजलेले, पक्षिशास्त्रांत अधिकारी म्हणून मान्यता पावलेले. त्यांचा हजारों पक्ष्यांचा संग्रह १९५४ सालीं ब्रिटिश म्युझियमनें स्वीकारला. अशा माणसाच्या चिठ्ठीवर शंका कोण घेणार? सर्वांत अलीकडची नोंद ती, म्हणून रानपिंगळा शोधावयाचा तर गुजरातेकडे, असा लोकांचा समज होऊन बसला. १९७० च्या दशकांत सालिम अली व अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ले यांनींही या पक्ष्याचा शोध केला. हातीं कांहीं लागलें नाहीं. मधूनमधून कोणी दिसल्याचें सांगत, कोणी छायाचित्र दाखवीत. पण तो साधा पिंगळा निघे. हळूहळू हा पक्षी पृथ्वीवरून नाहींसा झाला असें लोक धरून चालले.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत कर्नलसाहेबांच्या संग्रहाकडे कांहीं अभ्यासक बारकाईनें पाहूं लागले. पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषी दक्षिण आशियाच्या पक्ष्यांवर ग्रंथ लिहीत होत्या. नायजेल कॉलर हे त्यांचे सहकारी. एकेका पक्ष्याची कातडी कशी सोलली, शिवण कशी घातली, आंत काय भरलें, हें त्यांनीं क्ष-किरणांनीं व भिंगाखालीं तपासलें. प्रत्येक संग्राहकाची हातखंडा रीत वेगळी असते. शिंप्याच्या टांक्यावरून शिंपी ओळखावा तसा कातडीवरून माणूस ओळखतां येतो. मांडवीचा म्हटला गेलेला रानपिंगळा डेव्हिडसनच्या हातचा निघाला. म्युझियममधून तो चोरून, उकलून, पुन्हा भरून, त्याच्या पायास नवी चिठ्ठी बांधलेली होती! हा सारा शोध १९९९ सालीं शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. सालिम अली १९८७ सालीं निवर्तले होते. १९३७ सालीं अफगाणिस्तानच्या सफरींत त्यांचा सोबती हाच कर्नल होता, ही गोष्ट आठवली म्हणजे मन विषण्ण होतें. एका तंबूंत राहिलेल्या माणसाच्या मनांत काय आहे तें पक्षिशास्त्रांतही कळत नाहीं.

परंतु खरी गंमत पुढेंच आहे. खोटी चिठ्ठी बाजूस काढतांच उरलेल्या खऱ्या चिठ्ठ्या बोलूं लागल्या. रासमुसेनबाई, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट हे तिघे १९९७ च्या नोव्हेंबरांत हिंदुस्थानांत आले, आणि मांडवीची वाट न धरतां जेथें ब्लुइट व डेव्हिडसन यांना पक्षी मिळाले होते त्याच जागांच्या शोधांत निघाले. पूर्वेकडे निराशा झाली. मग ते खानदेशांत आले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं सकाळीं शहाद्याजवळच्या डोंगरांत, एका निष्पर्ण झाडाच्या फांदीवर, रानपिंगळा ऊन्ह खात बसलेला दिसला. ११३ वर्षांनीं! तो कोठें दडून बसलेला नव्हता; जेथें सांगितलें होतें तेथेंच होता. डेव्हिडसननें शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं बांधलेल्या प्रामाणिक चिठ्ठीनें त्याचा पत्ता जपून ठेवला होता, एवढेंच.

पुढें मेळघाटांत या पक्ष्याची सर्वांत भरवशाची वस्ती आढळली. सातपुड्याच्या इतर भागांत तो सांपडला. २०१४ सालीं तर ठाणें जिल्ह्यांतील तानसा अभयारण्यांतही दिसला. नवीं ठिकाणें मिळत गेल्यामुळें २०१८ सालीं आंतरराष्ट्रीय यादींत त्याचा धोका एका पायरीनें कमी लेखण्यांत आला; तरी तो अद्याप संकटग्रस्तच आहे. आणि ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही, कीं त्याला हवें असतें तें नेमकें हेंच उघडें, रोडावलेलें, सागाचें रान. दाट अरण्यांत फांदीवर बसून जमिनीवरचा सरडा कसा दिसणार? ऊन्ह तळापर्यंत पोहोंचलें पाहिजे, पाचोळ्यांत सळसळ झाली पाहिजे, आणि जुन्या झाडाला ढोली असली पाहिजे. ज्या उणेपणाबद्दल लोक आमच्या रानाची कींव करितात तोच त्याचा संसार आहे.

हें सर्व ठाऊक झाल्यावर अंबाबरव्याकडे पाहण्याची आमची दृष्टि बदलली असल्यास नवल नाहीं. मेळघाट शेजारीं, मधें कुंपण नाहीं, साग तोच. तेव्हां गेल्या कांहीं वर्षांत हिवाळ्याच्या सुटींत आम्ही तिकडे जाऊं लागलों. सोबत बहुधा आमचा एक जुना विद्यार्थी असतो. तो आतां त्याच तालुक्यांत शिक्षक आहे, आणि शाळेंतील मुलांना घेऊन पक्षी पाहावयास जातो. वाट दाखविण्यास एक म्हातारे कोरकू गृहस्थ. आम्ही त्यांस बाबा म्हणतों, ते आम्हांस सायब म्हणतात, आणि कितीही सांगितलें तरी सोडीत नाहींत.

अशाच एका सकाळीं, ओढ्याच्या वळणावर, समोरच्या सालईवर एक पिंगळा बसलेला दिसला. पाठमोरा. सूर्य त्याच्या पलीकडे, म्हणजे नेमका आमच्या डोळ्यांत. डोकें आम्हांस कोरें भासलें. शेंपटीची एक झटक झाली असें वाटलें. दुर्बीण नीट बसते न बसते तोंच तो खालीं ओढ्यांत उतरला आणि गेला. दहा श्वास घेण्याइतका वेळही मिळाला नसेल. आमचे शिष्योत्तम मात्र आनंदानें अक्षरशः थरथरत होते.

“सर, रानपिंगळाच! डोकें पाहिलंत ना? एक ठिपका नव्हता!”

आम्हीं म्हटलें, “ठिपका दिसला नाहीं हें खरें. पण नव्हता काय?”

“सर, आतां मेळघाट इथून हाकेवर. तिथें आहे, मग इथें नसायला काय झालं?”

“असेलही. छाती पाहिलीस? पोट?”

तो गप्प झाला. मग थोड्या वेळानें त्यानें जें म्हटलें त्यानें आम्हांलाही विचारांत पाडलें. तो म्हणाला, “सर, समजा नोंद केली. कोणाचं काय बिघडणार आहे? उलट अंबाबरव्याचं नांव होईल. अभ्यासक येतील, पैसा येईल, रान राखलं जाईल. आपल्या जिल्ह्याकडे कोणी पाहत तरी आहे का?”

या प्रश्नांत लबाडी नव्हती, कळकळ होती. ज्या मुलानें आपल्या तालुक्याला कोणी विचारीत नाहीं हें लहानपणापासून पाहिलें, त्याच्या तोंडीं तो प्रश्न शोभून दिसत होता. आम्ही वर्गांत पंचवीस वर्षें सत्याचें माहात्म्य शिकविलें आहे. पण तें शिकविणें सोपें, कारण वर्गांत सत्याची किंमत गुणांच्या पलीकडे जात नाहीं. येथें एका पारड्यांत एक शब्द होता आणि दुसऱ्यांत एक रान. आम्ही बाबांकडे वळलों. त्यांची नजर आम्हां दोघांपेक्षां तेज. विचारलें, “बाबा, कोणता पिंगळा होता हो?”

बाबांनीं विडी कानामागें खोंवली आणि शांतपणें म्हणाले, “पिंगया व्हता, सायब. कोन्ता व्हता, थे म्या पाह्यलं नाई. जे पाह्यलं नाई, थे कसं सांगू?”

त्यांना त्या वाक्यांत कांहीं तत्त्वज्ञान सांगावयाचें नव्हतें. ते लगेच पुढें चालूं लागले. पण आमच्या वहींतील नोंद त्यामुळें ठरली. आम्हीं लिहिलें: “पिंगळा, एक. सालईवर, पाठमोरा. डोक्यावर ठिपके दिसले नाहींत, ऊन्ह समोर. छाती व पोट दिसलें नाहीं. जात अनिश्चित.” शिष्यानें ती वाचली, आणि परतीच्या वाटेवर सोनाळा येईपर्यंत तो एक अक्षर बोलला नाहीं.

रात्रीं आम्हीं त्याला कर्नलसाहेबांची गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळीं तिच्या शेवटच्या भागासह. खोटी चिठ्ठी बांधणारा मनुष्य सगळ्याच चिठ्ठ्या खोट्या बांधीत नव्हता. त्यानें स्वतः मारलेले, नीट नोंदलेले पक्षी पुष्कळ होते. पण लबाडी उघडकीस आल्यावर त्यांचेंही मोल बुडालें. त्याच्या संग्रहांतील खरें कोणतें, खोटें कोणतें, हें निवडण्यांत विद्वानांचीं वर्षें गेलीं. एका खोट्या शब्दाची झळ शंभर खऱ्या शब्दांस लागते ती अशी. उद्यां कोणी अभ्यासक तुझ्या नोंदीवर विसंबून अंबाबरव्यास आला, महिनाभर हिंडला, आणि त्याला साधाच पिंगळा मिळाला, तर तो परत जाऊन काय सांगेल? आणि त्यानंतर खरोखरीचा रानपिंगळा तुझ्या मुलांना दिसला, तर त्यांचें कोण ऐकेल? रानाच्या हितासाठीं म्हणून आपण जें असत्य लिहूं, त्याचें व्याज रानालाच भरावें लागेल.

हें सांगतांना आम्हांस आपल्या काळाचीही आठवण होत होती. पूर्वीं चिठ्ठी लिहिण्यास आधीं पक्षी मारावा लागे. आतां तें पाप टळलें. खिशांतील फोनवर नांव टिपलें कीं क्षणांत ती नोंद जगाच्या दुसऱ्या टोंकास पोहोंचते. ही सोय थोर आहे. शाळेंतील मूलही शास्त्राला हातभार लावूं शकतें, हें कांहीं लहानसहान नव्हे. पण चिठ्ठी जितकी हलकी झाली तितकी ती बांधणाराची जबाबदारी जड झाली. आज कोणी कोणाचा टांका उसवून पाहणार नाहीं. उसवण्यासारखी कातडीच उरलेली नाहीं. उरतो तो लिहिणाराचा शब्द. यादी लांब व्हावी, आपलें नांव वर जावें, आपला जिल्हा चमकावा, हे मोह कर्नलसाहेबांच्या मोहापेक्षां निराळे नाहींत. तेवढेच जुने आहेत.

आणि पर्जन्यारण्यांत जाऊन आलेल्या माणसास हें अधिक पटावें. तेथें धुक्यांत, पानांत, अंधारांत जें दिसत नाहीं तें दिसलें म्हणणें किती सोपें! कर्ण्याचा केवळ आवाज ऐकून “पाहिला” असें लिहिणारे आम्हीं पाहिले आहेत. आमचें रान या बाबतींत कठोर शिक्षक आहे. तें सारें उघड्यावर मांडतें. म्हणून न दिसलेल्या गोष्टीची सबब पानांवर ढकलतां येत नाहीं.

मारुती चितमपल्ली यांच्यासारख्या वनाधिकाऱ्यानें सारें आयुष्य रानांत काढून मराठीस पक्ष्यांचीं नांवें दिलीं, कोश दिला. २०२५ सालीं ते गेले. त्यांचीं पुस्तकें आपल्या मध्यमवर्गीय घरांतून आवडीनें वाचलीं गेलीं. पण तीं वाचून किती जणांनीं आपल्या गांवाबाहेरच्या आंब्यावरचा पिंगळा मान वर करून पाहिला, हें कोणी विचारीत नाहीं. आंबोलीस अवश्य जावें, केरळासही जावें. परंतु पाहण्याचें शिक्षण व्हावयाचें तें दारच्या झाडाखालीं. तेथें डोक्यावरचे ठिपके नीट मोजले असतील, तरच सातपुड्याच्या फांदीवर ते नाहींत हें कधींकाळीं खात्रीनें सांगतां येईल.

आमचे शिष्य त्यानंतर त्या ओढ्यावर आमच्यावांचूनच पुष्कळदां जाऊन आले. मुलांची एक वही त्यांनीं केली आहे; मागें भेटले तेव्हां ती आम्हांस दाखविली. मुलांचें अक्षर वेडेंवांकडें, शुद्धलेखन रामभरोसें. एका पानावर तारीख, वेळ, ओढ्याचें वळण, सालईचें झाड, वारा, ढग, इतकें सगळें लिहून शेवटीं दोनच शब्द होते: “दिसला नाही.” पुढच्या पानावर तेंच. त्याच्या पुढच्याही पानावर तेंच. आम्ही तीं पानें उलटीत बराच वेळ बसलों. पंचवीस वर्षांत तपासलेल्या उत्तरपत्रिकांत इतकें निर्मळ उत्तर आम्हांस क्वचितच मिळालें असेल. अंबाबरव्यास रानपिंगळा असेल तर एक ना एक दिवस त्या वहींत त्याचें नांव येईल; आणि ज्या दिवशीं येईल त्या दिवशीं, आधींच्या त्या सगळ्या पानांमुळें, त्याच्यावर विश्वास ठेवतां येईल.